चावी खिशात, गाडी चालूच

मे महिन्यातली दुपार. सायनहून दादरला यायला पाऊण तास लागला, तोही बहुतेक पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. सोसायटीच्या आवारात पद्मिनी लावली, चावी काढली, तरी गाडी बंद व्हायचं नाव घेईना. ढक्... ढक-ढक... खट्... ढक्. अख्खी बॉडी हिव भरल्यासारखी हलत होती. वॉचमनकाका माझ्या हातातल्या चावीकडे बघून म्हणाले, "साहेब, ही कुणाच्या जिवावर चाललीय?"

उष्णतेच्या. चावी फिरवली की पेट्रोलच्या गाडीत ठिणगी बंद होते. इंजेक्शनच्या गाडीत त्याबरोबर इंजेक्टरचीही वीज जाते आणि पेट्रोलचा थेंब आत शिरत नाही. जुन्या कार्बोरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, विजेशी देणंघेणं नाही. पिस्टन खाली सरकला की हवा ओढली जाते, आणि हवेमागून जेटमधलं, म्हणजे त्यातल्या बारीक भोकातलं, पेट्रोल जातंच. उरतो प्रश्न काडी कोण लावतं याचा.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं, ते आठवा. इथे तर मिश्रण सात-आठ पट दाबलं जातं. तापलेल्या इंजिनात ऐंशीएक अंशांना शिरलेलं मिश्रण नुसत्या दाबाने, कागदावरच्या हिशेबात, साडेतीनशे अंशांपुढे जातं. पेट्रोलची वाफ त्याहून कमी तापमानाला ठिणगीशिवाय पेटू शकते. फक्त तिला वेळ हवा असतो. मिनिटाला 3000 फेऱ्या असताना पिस्टन तळातून वर 10 मिलिसेकंदांत येतो, तेवढ्यात तिचं काही जमत नाही. बंद होता होता फेऱ्या 300 वर आल्या की तिला 100 मिलिसेकंद मिळतात. म्हणून ही चाल इतकी संथ आणि अडखळती. त्यात पिस्टनच्या डोक्यावर साचलेला कार्बन किंवा प्लगचं टोक लाल झालेलं असेल तर विचारूच नका. डिझेल इंजिनात हेच काम मुद्दाम, हवा वीसेक पट दाबून करतात, म्हणून या दुखण्याला डिझेलिंग म्हणतात.

आधी कान लावायचा. चावी काढल्यावरही इंजिन आधीसारखंच गुळगुळीत चालत असेल तर ते डिझेलिंग नव्हे. कुठून तरी ठिणगीच्या कॉइलला वीज मिळतेय. इग्निशन स्विच आणि वायरिंग तपासा. धडपडत, झटके देत चालत असेल तर हा लेख तुमच्यासाठी. तेव्हा घाबरून बॉनेट उघडू नका. ब्रेक घट्ट दाबा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच सोडा, इंजिन गप्प होतं. उगाच चालू देऊ नये, कारण शेवटच्या झटक्यात ते उलटंही फिरू शकतं, आणि त्याच्यासोबत ऑइल पंपही.

आता कारण. गॅरेजात गेलात की बरेच जण थेट हेड उघडून कार्बन काढायच्या गोष्टी करतात. माझं मत, सगळ्यात आधी स्लो रेस बघा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन किती वेगाने फिरतं ते. बंद गाडीला हवा-पेट्रोल मिळतं ते थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, फटीतून, आणि स्लो रेस जितकी चढवलेली तितकी फट मोठी. साधारण 800 च्या आसपास फेऱ्या पुरतात. 1100-1200 वर ठेवलेली गाडी डिझेलिंग करायची शक्यता मोठी. काही कार्बोरेटरवर पेट्रोल तोडणारा छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा व्हॉल्व्ह, असतो. चावी ऑन करून, इंजिन बंद ठेवून त्याची वायर काढून पुन्हा टेकवा. 'टिक्' ऐकू आलं नाही तर तो मेलेला आहे किंवा त्याला वीज मिळत नाही. मग ठिणगीचं टायमिंग, जास्त गरम राहणारा चुकीचा प्लग, रेडिएटर. कमी ऑक्टेनचं पेट्रोल लवकर पेटतं, हेही खरं. (पद्मिनी टॅक्सीवाल्यांना सीएनजीवर हा ताप नव्हता. मिथेन सहजी आपोआप पेटत नाही, आणि चावीबरोबर गॅसचा व्हॉल्व्हही मिटतो.)

माझ्या गाडीची रेस चढलेली होती, हे तर खरंच. पण ती चढवली कुणी? मीच, एका मिस्त्रीकडून, दोन महिन्यांपूर्वी. सिग्नलला गाडी बंद पडायची, त्याने स्क्रू अर्धा फेरा आत घेतला आणि आम्ही दोघं खूश झालो. बंद का पडते, हे दोघांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या मिस्त्रींनी गार इंजिन चालू करून कार्बोरेटरच्या बुडाशी क्लीनरचा फवारा मारला. एका कोपऱ्यात मारताच इंजिनाचा आवाज एकदम बदलला. तिथला गॅस्केट फाटला होता. कार्बोरेटरला वळसा घालून हवा आत शिरत होती, मिश्रण पातळ होत होतं, म्हणून गाडी सिग्नलला मरायची. गॅस्केट बदलला, स्क्रू पूर्वीच्या जागी आणला.

संध्याकाळी आवारात येऊन चावी फिरवली. इंजिन गप्प. रेडिएटरमधलं पाणी तेवढं गुरगुरलं. काका खुर्चीतून न उठताच म्हणाले, "आता ऐकते की तुमचं."