अकिलीसचा कोप

होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याचा मध्यवर्ती विषय. इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमारास आकाराला आलेल्या, २४ सर्ग आणि सुमारे १५,७०० ओळींच्या या काव्याचा पहिलाच शब्द ‘मेनिस’, म्हणजे कोप. ट्रॉयचे युद्ध दहा वर्षे चालले. काव्यात येतात त्यातले काही आठवडे. प्रसिद्ध लाकडी घोडा इलियडमध्ये येतच नाही. युद्ध माणसाचे काय करून टाकते, याकडे कवीचे सगळे लक्ष आहे.

ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन त्यांचाच सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस याच्या वाट्याला आलेली ब्रायसीइस ही बंदिवान स्त्री हिरावून घेतो. अपमानित अकिलीस लढाईतून अंग काढून घेतो. पुढे त्याचा जिवलग पट्रोक्लस ट्रॉयच्या हेक्टरकडून मारला जातो आणि अकिलीस बेभान होतो. जीवदान मागणाऱ्यांनाही तो कापून काढतो, हेक्टरला मारून त्याचे प्रेत रथामागे फरफटत नेतो.

व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवर बॉस्टनमध्ये उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जॉनथन शे यांना रुग्णांच्या तोंडून जवळपास हीच कहाणी ऐकू आली: वरिष्ठांकडून अन्याय, सोबत्याचा मृत्यू, मग भान सुटणे. ‘अकिलीस इन व्हिएटनाम’ (१९९४) या ग्रंथात त्यांनी ती मांडली. आपल्या डोळ्यांदेखत, किंवा आपल्याच हातून, अन्याय घडल्याने मनाला होणाऱ्या ‘नैतिक इजे’ची कल्पना रुजण्यात या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. आज ती रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांबाबतही वापरली जाते.

कोप शमतो तो २४व्या सर्गात, आणि जागतिक वाङ्मयात या सर्गाच्या तोडीचे फार थोडे आहे. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत शिरतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि आपल्या अनेक मुलांचा जीव घेणाऱ्या त्या हातांचे चुंबन घेतो. ‘तुझ्या वडिलांना आठव,’ असे म्हणत तो मुलाचे प्रेत परत मागतो. दोघेही रडतात, एक मुलासाठी, दुसरा दूर राहिलेल्या बापासाठी आणि मित्रासाठी. अकिलीस हेक्टरचे प्रेत प्रायमच्या नजरेआड धुवून घेतो. ते पाहून म्हाताऱ्याचा संताप उसळला, तर आपलाही तोल जाईल आणि आपल्या हातून तोही मारला जाईल, अशी त्याला धास्ती असते. कोप अजून तिथेच आहे, हे त्याला कळते. मग तो प्रायमला जेवू घालतो आणि अंत्यविधीला किती दिवस हवेत, असे विचारतो. नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी समाधी, असे प्रायम सांगतो. आणि बाराव्या दिवशी, लढावेच लागले तर, लढू.