लायसन्स दारूचं, चौकशी किचनची
इंग्लंड आणि वेल्समधल्या आमच्या रेस्टॉरंट-मालक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शुक्रवारची रात्र, रेस्टॉरंट भरलेलं. होम ऑफिसचे (गृहखात्याचे) अधिकारी आत येतात, किचनमध्ये भांडी घासणाऱ्या मुलाची चौकशी करतात आणि त्याला इथे काम करायची परवानगीच नाही असं निघतं. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, दंड किती? दंड जबर आहेच. १३ फेब्रुवारी २०२४ पासून तो पहिल्या खेपेला माणशी ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडलात तर ६०,००० पौंडांपर्यंत होतो. पण दंडाचे हप्ते पाडून मिळतात. दारूचं लायसन्स गेलं तर मात्र बिअर-वाईनची विक्री बंद, आणि त्याच लायसन्सवर रात्री ११ नंतर गरम जेवण देत असाल तर तेही बंद.

दारूच्या लायसन्सचा आणि भांडी घासणाऱ्याच्या व्हिसाचा काय संबंध, असं अनेकजण विचारतात. लायसन्स २००३च्या लायसन्सिंग ॲक्टखाली काउन्सिल (स्थानिक पालिका) देते. या कायद्याच्या चार उद्दिष्टांपैकी एक गुन्हे रोखण्याचं आहे आणि बेकायदा कामगार ठेवणं त्याच्याच आड येतं. ६ एप्रिल २०१७ पासून पोलिसांप्रमाणे होम ऑफिसलाही लायसन्सचा रिव्ह्यू, म्हणजे फेरविचार, मागता येतो. वर सरकारच्या मार्गदर्शक सूचना काउन्सिलला सांगतात की, असा प्रकार पहिल्यांदाच घडला असला तरी लायसन्स रद्द करण्याचा गांभीर्याने विचार करा. "पहिलीच चूक आहे, सांभाळून घ्या" हे वाक्य म्हणूनच तिथे फारसं चालत नाही.

"पण माझ्यावर खटला कुठे झालाय?" हाही नेहमीचा बचाव. लिंकनशायरमधल्या एका रेस्टॉरंटचं प्रकरण हाय कोर्टापर्यंत गेलं होतं. ईस्ट लिंडसे काउन्सिलने लायसन्स रद्द केलं, खालच्या कोर्टाने ते मालकाला परत दिलं आणि २०१६ मध्ये हाय कोर्टाने काउन्सिलचं म्हणणं उचलून धरलं. कामगाराची कागदपत्रं तपासलेली नव्हती, पगार रोखीत आणि किमान वेतनाहून कमी होता. मालकाला शिक्षा झालेली असलीच पाहिजे असं नाही, पुढे असं घडू नये आणि इतरांनाही जरब बसावी हेही काउन्सिलने बघायचं असतं, असं कोर्टाने सांगितलं.

रिव्ह्यूचा अर्ज दाखल झाला की काउन्सिल तुमच्या दाराशी फिकट निळ्या कागदावर नोटीस लावते. ती २८ दिवस राहते. या काळात पोलिसांपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही आपलं म्हणणं लेखी देऊ शकतं, तुमच्या बाजूनेसुद्धा. त्यानंतर कामकाजाच्या २० दिवसांत तीन काउन्सिलरांच्या समितीपुढे सुनावणी सुरू होते. ते लायसन्सला नव्या अटी घालू शकतात, एखादी परवानगी काढू शकतात, डीपीएसला (लायसन्सवर दारूविक्रीसाठी जबाबदार म्हणून ज्याचं नाव असतं त्याला) हटवू शकतात, लायसन्स तीन महिन्यांपर्यंत स्थगित ठेवू शकतात किंवा रद्दच करू शकतात. निर्णयाची नोटीस मिळाल्यापासून २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत रद्द करण्याचा हुकूम लागू होत नाही.

आपल्या लोकांचे पाय घसरतात त्या जागा मात्र ठरलेल्या आहेत.

पुण्या-नाशिकहून मास्टर्सला आलेला विद्यार्थी घ्या. टर्म चालू असताना त्याला आठवड्याला २० तास काम करता येतं, सोमवार ते रविवार, आणि सगळ्या नोकऱ्या मिळून. तुमच्याकडे १५ आणि सुपरमार्केटमध्ये १० तास भरले की गणित बिघडलं. "आता जुलै आहे, सुट्टी आहे" असंही समजू नका. मास्टर्सवाल्यांचा प्रबंधाचा उन्हाळा बहुतेक विद्यापीठं टर्ममध्येच धरतात. विद्यापीठाकडून टर्मच्या तारखांचा कागद घ्या आणि फाइलला लावा. तो नसेल तर कामाच्या परवानगीची तपासणी अर्धवट राहते.

दुसरी जागा घरचीच. सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आल्यात, हाताला चव आहे, दिवाळीच्या गर्दीत किचनमध्ये उभ्या राहतात. पैसे देत नाही हे उत्तर उपयोगाचं नाही, व्हिजिटरला बिनपगारी कामही चालत नाही. "मित्र आहे, जरा मदतीला आला होता, जेवून गेला" हे तर काउन्सिलरांनी इतक्यांदा ऐकलंय की ऐकतानाच त्यांचा चेहरा बदलतो. जेवण आणि राहायची खोली हाही मोबदलाच समजला जातो.

तिसरी, "दोन दिवस बघू, मग कागद करू". तपासणी काम सुरू होण्याआधीच झाली पाहिजे. ट्रायलसुद्धा आम्ही कामच धरतो, तुम्हीही धरा.

तपासणीला दहा मिनिटं पुरतात. आता बहुतेकांचा ई-व्हिसा असतो. माणसाकडून नऊ अक्षरांचा, डब्ल्यूने सुरू होणारा शेअर कोड आणि जन्मतारीख घ्या. सरकारी वेबसाइटवर मालकांसाठीच्या पानावर स्वतः तपासा. त्याने आपल्या मोबाइलवर दाखवलेला स्क्रीन चालत नाही, आणि जुनं बीआरपी कार्ड (राहण्याच्या परवान्याचं प्लास्टिकचं कार्ड) ६ एप्रिल २०२२ पासून चालत नाही. फोटो समोरच्या चेहऱ्याशी जुळवा, अटी वाचा, तारखेसह पान सेव्ह करा. नोकरी संपल्यावरही ते दोन वर्षं ठेवा. मुदतीचा व्हिसा असेल तर ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका, कारण पुन्हा तपासावं लागतं. आणि हे सगळ्यांचं करा, ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचंही. नाव किंवा रंग बघून निवडक तपासणी केलीत तर भेदभावाचा दावा अंगावर येईल.

निळी नोटीस लागलीच, तर घाईघाईने लायसन्स मेहुण्याच्या नावावर करू नका. अशा कागदी बदलाला पोलीस आणि होम ऑफिस हरकत घेऊ शकतात, आणि समितीचा उरलासुरला विश्वासही जातो. सगळ्या स्टाफची फाइल तपासून घ्या, पगार बँकेतून द्यायला लागा आणि स्वतःहून अटी सुचवा, जसं की तपासणीच्या प्रती रेस्टॉरंटमध्येच ठेवणं आणि मागितल्याबरोबर दाखवणं. मात्र कामगार बेकायदा आहे हे माहीत असून ठेवलं असेल, तर तो फौजदारी गुन्हा आहे आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तसं असेल तर आमच्या आधी सॉलिसिटरकडे जा.

आमच्याकडे येताना लायसन्सची पूर्ण प्रत (फ्रेममधला एक कागद नव्हे), गेल्या तीन महिन्यांचा रोटा (कोणाची ड्युटी कधी, ते वेळापत्रक) आणि पगाराच्या नोंदी आणा. रोटा व्हॉट्सॲपवर असेल तर फोन चार्ज करून आणा.