बेटावरचा पतंग नवा आहे, हे ठरते कसे?

पावसाळा सुरू झाला की त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातून तांबूस रंगाच्या, तळहाताहून मोठ्या ॲटलास पतंगाची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात आणि त्यांच्याखाली ‘दुर्मीळ फुलपाखरू’ असे लिहिलेले असते. ते फुलपाखरू नव्हे, पतंग आहे. त्याच्या पंखांच्या टोकांशी सापाच्या डोक्यासारखी आकृती दिसते, म्हणून कोणी त्याला विषारी समजून मारतात, तर कोणी दैवी संकेत मानून हात जोडतात. वास्तविक प्रौढ ॲटलासला खाण्याजोगे तोंडच उरलेले नसते. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर तो थोडे दिवस जगतो, जोडीदार शोधतो आणि मरतो. त्याच्याकडून चावा किंवा दंश संभवत नाही, आणि शुभाशुभाशी त्याचा काही संबंध नाही.

याच ॲटलासचा एक जवळचा नातेवाईक, ॲटॅकस मॅकमुलेनी, केवळ अंदमान बेटांवर आढळतो. कीटक-अभ्यासक वॉटसन यांनी १९१४ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिले. अशी एखाद्या भूभागापुरतीच मर्यादित असलेली प्रजाती म्हणजे प्रदेशनिष्ठ प्रजाती. दूरच्या बेटावर पतंगाची नवी प्रजाती सापडल्याची बातमी वाचली, की कोणी रात्री दिवा लावून बसला, कधी न पाहिलेला कीटक पडद्यावर उतरला आणि काम झाले, असे आपल्याला वाटते. पण नमुना हाती येणे आणि प्रजाती सिद्ध होणे यांत फार मोठे अंतर असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार नमुना गोळा झाल्यापासून त्याचे शास्त्रीय वर्णन छापले जाईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात. एवढा काळ तो कीटक संग्रहालयाच्या खणात टाचणीला टोचलेला असतो, कारण त्याच्या साऱ्या ज्ञात नातेवाइकांशी त्याची तुलना व्हायची असते.

बेटाच्या बाबतीत ही तुलना अधिक अवघड होते. दोन गटांतले जीव आपापसांत सुपीक संतती निर्माण करत असतील तर ते एकाच प्रजातीचे, ही व्याख्या आपण शाळेत शिकतो. मात्र बेटावरचा पतंग आणि मुख्य भूमीवरचा पतंग यांच्यामध्ये शेकडो किलोमीटर समुद्र असतो. निसर्गात ते एकमेकांना भेटतच नाहीत, त्यामुळे ते मिळून संतती देतील की नाही, हे पाहण्याची सोय नसते. म्हणून शरीररचना, जनुके, अन्नवनस्पती आणि भूगोल असे वेगवेगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात का, हे तपासावे लागते. नवी प्रजाती हा एक दावा असतो आणि त्याचे बळ या पुराव्यांत असते.

पंखांचा रंग हा यातला सर्वांत कमकुवत पुरावा. खवले झडतात, ऋतूनुसार छटा बदलतात, आणि करड्या-तपकिरी पतंगांच्या कित्येक प्रजाती डोळ्यांना सारख्याच दिसतात. पतंग स्वतःही अंधारात जोडीदार रंगावरून ओळखत नाहीत, तर गंधावरून ओळखतात. येवला-मालेगावकडच्या मक्याच्या शेतात लष्करी अळीसाठी, म्हणजे एका पतंगाच्याच सुरवंटासाठी, कामगंध सापळे लावणाऱ्या शेतकऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे: ज्या प्रजातीच्या मादीचा गंध ल्यूरमध्ये, म्हणजे सापळ्यातल्या आमिषाच्या वडीत, भरलेला असतो, मुख्यतः त्याच प्रजातीचे नर सापळ्यात येतात. पतंगांच्या जगातल्या सीमा अशा आपल्या नजरेपलीकडे आखलेल्या असल्याने अभ्यासकाला पतंगाच्या पोटात शिरावे लागते.

हे काम मला या साऱ्या शास्त्रातले सर्वांत सुंदर काम वाटते. वाळलेल्या पतंगाचे उदर हलक्या हाताने वेगळे करून कास्टिक पोटॅशच्या, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या, साधारण १० टक्के द्रावणात ठेवून कोमट करतात. या तीव्र अल्कलीत स्नायूंची प्रथिने तुटून विरघळतात आणि चरबीचा साबण होतो, पण कायटिन या चिवट बहुशर्करेचे आणि तिच्याशी घट्ट जोडलेल्या कडक प्रथिनांचे बाह्यकवच टिकून राहते. मऊ भाग निघून गेल्यावर जननेंद्रियांचा कायटिनयुक्त सांगाडा उरतो. तो पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये धुऊन, खवले कुंचल्याने झाडून, रंगद्रव्य देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पसरवला जातो. नरामध्ये मादीला धरून ठेवणाऱ्या दोन बाजूंच्या झडपा, म्हणजे वाल्वा, त्यांच्या वर आकड्यासारखा अंकस आणि मध्ये एडीगस ही नळी असते. नळीच्या आत दुमडून राहिलेली व्हेसिका नावाची मऊ पिशवी बारीक सिरिंजने फुगवली, की तिच्यावरचे काटे दिसतात. त्या काट्यांची संख्या, लांबी आणि मांडणी यांवर कित्येकदा प्रजाती ठरते. मादीमध्ये नराकडून आलेली शुक्राणूंची पुडी साठवणारी पिशवी असते आणि तिच्या भिंतीवर अनेकदा सिग्नम नावाची दातेरी पट्टी असते, जी त्या पुडीचे आवरण फाडण्यास उपयोगी पडते.

हेच अवयव इतके वेगळे का होतात? फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लेओं द्यूफूर यांनी १८४४ मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली: नराची किल्ली स्वतःच्याच प्रजातीच्या कुलपात बसते, म्हणून संकर टळतो. मात्र अनेक कीटकांमध्ये नराचे अवयव प्रजातीगणिक झपाट्याने बदलतात आणि मादीचे त्या मानाने सारखेच राहतात, हे त्या कल्पनेत बसत नव्हते. जीवशास्त्रज्ञ विल्यम एबरहार्ड यांनी १९८५ मध्ये वेगळा विचार मांडला, की मादी मीलनानंतरही कोणाचे शुक्राणू वापरायचे यात निवड करते, आणि या निवडीच्या दाबाखाली नराची रचना पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाते. कारण कोणतेही असो, हे अवयव बहुधा पंखांच्या नक्षीपेक्षा लवकर बदलतात, म्हणून बेटावर अलग पडलेल्या गटाचा वेगळेपणा अनेकदा आधी इथेच उमटतो.

डीएनए चाचणी केली की प्रजाती लगेच कळते, हा समज मात्र अतिरंजित आहे. प्राण्यांच्या बारकोडसाठी, म्हणजे प्रजाती ओळखायच्या जनुकीय खुणेसाठी, मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतल्या एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचला जातो. मायटोकॉन्ड्रिया केवळ आईकडून येतात, आणि वोल्बाकिया नावाचे जिवाणू कीटकांमध्ये त्यांचा वारसा विस्कटून टाकू शकतात. शिवाय अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, अशी सर्वत्र लागू पडणारी रेषा नाही. बारकोड संशय निर्माण करतो किंवा दाट करतो, निकाल देत नाही.

पतंग नवा ठरला तरी तो प्रदेशनिष्ठ आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते. अमेरिका खंडातली लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये प्रथम नोंदली गेली आणि पाहता पाहता आपल्या मक्यात पोहोचली. तसाच एखादा पतंग बोटीतल्या रोपांबरोबर बेटावर आलेला असू शकतो. त्यामुळे जवळच्या किनाऱ्यांवरचे नमुनेही पाहावे लागतात. कधी कधी शरीरच साक्ष देते. दक्षिण महासागरातल्या मॅरियन बेटावरील प्रिंगलिओफागा मॅरिओनी या पतंगाचे पंख आखूड आहेत आणि त्याला उडता येत नाही. वारा उडणाऱ्या कीटकांना समुद्रात लोटतो, असे स्पष्टीकरण डार्विनने १८५९ मध्ये अटलांटिक महासागरातल्या मदेइरा बेटांवरच्या भुंग्यांबाबत दिले होते. दक्षिण महासागरातल्या बेटांवर जवळपास निम्म्या मूळच्या कीटकप्रजाती उडू शकत नाहीत, आणि २०२० मधल्या विश्लेषणात वाऱ्याचाच प्रभाव ठळक दिसला.

मग नाव. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणना स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून होते, आणि २००० सालापासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नव्या प्रजातीसोबत नामधारक नमुना, म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचे जोडले जाते असा नमुना, स्पष्टपणे नेमावा लागतो. बहुधा तो एकच पतंग असतो, होलोटाइप. त्याचे पंख टाचणीवर आणि उदराची काचपट्टी त्याच क्रमांकाने संग्रहालयात ठेवली जाते, जेणेकरून दुसरा अभ्यासक ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून काटे मोजू शकेल. त्या तपासणीत हा पतंग आधीच नाव मिळालेल्या प्रजातीचाच निघाला, तर सामान्यतः जुने नाव कायम राहते आणि नवे त्याचे समानार्थी म्हणून नोंदले जाते.