घरची पवनचक्की घेण्याआधी वारा मोजावा

घरासाठी पवनचक्की घेऊ पाहणारे बहुतेक जण माहितीपत्रकापासून सुरुवात करतात आणि त्यावर छापलेल्या किलोवॉटवरून विजेचा हिशेब मांडतात. हा आकडा बहुधा सेकंदाला ११ ते १२ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग असलेल्या वाऱ्यासाठी दिलेला असतो. असा वारा आपल्या जागी वर्षातून किती तास वाहतो, हे उत्पादकाला माहीत असण्याचे कारण नाही.

वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला, तर शक्ती एक अष्टमांश उरते. तीन मीटर व्यासाच्या पात्यांच्या वर्तुळातून सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा जात असेल, तर त्यात सुमारे ४,३०० वॉट शक्ती असते. वेग ५ मीटर असेल, तर जेमतेम ५४० वॉट. ही सगळी शक्ती हाती लागत नाही. पात्यांमागची हवा पुढे सरकण्यासाठी तिच्यात काही वेग उरावाच लागतो, त्यामुळे ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती कोणत्याही पवनचक्कीला काढून घेता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरीस दाखवून दिले. घरगुती यंत्रे साधारण २५ ते ३० टक्क्यांपर्यंत पोहोचतात, म्हणजे त्या ५४० वॉटमधून दीडशेच्या आसपास वॉट मिळतात.

याच घननियमामुळे सरासरी वेगाचा आकडा एकटा पुरेसा ठरत नाही. दिवसभर एकसारखा ५ मीटरने वाहणारा वारा आणि कधी २, तर कधी ८ मीटरने वाहून तीच सरासरी गाठणारा वारा यांत दुसरा बराच अधिक ऊर्जा घेऊन येतो. म्हणून पाती ज्या उंचीवर फिरणार आहेत तिथेच वेगमापक बसवून, शक्य तर वर्षभर, नोंदी ठेवणे श्रेयस्कर असते. विमानतळावरच्या नोंदी मोकळ्या मैदानातल्या असतात, आपल्या अंगणातल्या नव्हेत. त्यापेक्षा परिसरातील झाडे कायमची एका बाजूला कललेली आहेत का, ही फुकटची खूणही बरेच सांगून जाते.

इमारती आणि झाडे यांच्या मागे हवा घुसळली जाते आणि हा गोंधळ अडथळ्याच्या दुप्पट उंचीपर्यंत व वाऱ्याच्या दिशेने त्याच्या सुमारे वीसपट अंतरापर्यंत टिकतो. त्यामुळे दीडशे मीटरच्या परिघातील सर्वांत उंच अडथळ्याहून पात्यांचे खालचे टोक किमान ९ मीटर वर असावे, असा संकेत आहे. छपरावरची पवनचक्की दिसायला सोयीची वाटते. पण तिथे वारा छपराच्या कडेला फुटलेला असतो, शिवाय यंत्राची थरथर भिंतींतून घरात उतरते. उभ्या अक्षाची चक्की कोणत्याही दिशेचा वारा घेते हे खरे, परंतु मंद वाऱ्यात जी ऊर्जाच नाही ती तिलाही निर्माण करता येत नाही.

दाट वस्तीत राहणाऱ्याने सौर पटलांचाच विचार करावा, असे माझे मत आहे. वीजवाहिनी पोहोचत नाही अशा उघड्या माळावर मात्र रात्री आणि ढगाळ दिवसांत वाहणारा वारा सौर पटलांना चांगली जोड देतो आणि बॅटरीवरचा भार हलका करतो. तिथेही देखभालीचा विचार आधी करावा लागतो. बेअरिंग आणि पाती यांची वेळोवेळी तपासणी करण्यासाठी मनोऱ्यावर चढावे लागते किंवा बिजागरीवर आडवा होणारा मनोरा घ्यावा लागतो, आणि तो आडवा करायचा तर त्याच्या उंचीइतकी मोकळी जमीन पायथ्याशी राखून ठेवावी लागते.