योजनेतला पैसा आणि योजनेबाहेरचा पैसा : खत अनुदान व ग्रामविकास निधीची पार्श्वभूमी

केंद्राच्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पर्यंत खर्चाचे दोन रकाने असत, योजनांतर्गत आणि योजनेतर. ग्रामीण रोजगार, रस्ते, पाणलोट यांवरचा खर्च पहिल्यात दाखवला जाई, तर खतांवरचे आणि अन्नधान्यावरचे अनुदान दुसऱ्यात. पहिल्या रकान्यातल्या पैशाला नियोजन आयोगाची संमती, राज्यांशी वाटाघाट आणि वाटपाचे सूत्र या सगळ्यांतून जावे लागे. दुसऱ्यातला पैसा त्या वर्षीचा खप आणि आयातीचे भाव ठरवतील तसा वाढत राही. शेतीवरच्या सरकारी खर्चाला आजचे रूप कसे आले, हे समजून घ्यायचे तर या दोन वाटा वेगवेगळ्या पाहाव्या लागतात.

नियोजनाची सुरुवात खताने झाली नाही. पहिल्या पंचवार्षिक योजनेत भर होता तो पाटबंधारे आणि समूहविकासावर. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ समूहविकास प्रकल्प सुरू झाले. विकास गट, गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक ही आजही ओळखीची रचना त्याच काळातली आहे. लोकांचा सहभाग मात्र अपेक्षेइतका मिळाला नाही, आणि त्याची कारणे शोधणाऱ्या बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या अहवालातून पंचायत राज्याची कल्पना पुढे आली. धान्याचे उत्पादन तरीही गरजेला पुरत नव्हते. १९६५-६६ आणि १९६६-६७ या लागोपाठच्या दुष्काळांत अमेरिकी गव्हावर विसंबावे लागले, तेव्हा कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी धोरणाचा रोख बदलला. १९६५ च्या जानेवारीतच कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ उभे राहिले होते. आता त्यांच्या जोडीला अधिक उत्पादन देणारे वाण, हमीचे पाणी आणि रासायनिक खत असे त्रिकूट आले. ते जिथे पाणी होते तिथेच चालणार होते, आणि ही मर्यादा धोरण आखणाऱ्यांना ठाऊक होती.

खतावर अनुदान द्यायचे असे मात्र तेव्हाही कोणी ठरवले नव्हते. ते आले १९७३ च्या तेलसंकटामागून. १९७४ मध्ये युरियाचा भाव जवळजवळ दुप्पट झाला आणि वाढत चाललेला खताचा खप अडखळला. शेतकऱ्याला परवडेल असा भाव आणि कारखान्याला परवडेल असा भाव यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न शरद मराठे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे गेला. तिच्या शिफारशींवरून नोव्हेंबर १९७७ मध्ये नत्रयुक्त खतांसाठी आणि १९७९ मध्ये स्फुरदयुक्त व संयुक्त खतांसाठी 'रिटेन्शन प्राइस' पद्धत लागू झाली.

या पद्धतीचे गणित नीट पाहण्यासारखे आहे. प्रत्येक कारखान्याचा उत्पादनखर्च वेगळा मोजायचा, त्यात गुंतवलेल्या भांडवलावर करोत्तर १२ टक्के परतावा मिळवायचा आणि त्या कारखान्याची धारण किंमत, म्हणजेच 'रिटेन्शन प्राइस', ठरवायची. शेतकऱ्याला विकायचा भाव सरकार देशभर एकच ठेवणार. या दोन किमतींतली तफावत सरकारने कारखान्याला द्यायची. नॅफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रवावर, चालणाऱ्या जुन्या, खर्चिक कारखान्याला त्यामुळे जास्त अनुदान मिळे आणि वायूवर चालणाऱ्या कार्यक्षम कारखान्याला कमी. नवे कारखाने उभे राहण्यासाठी ही व्यवस्था उपयोगी ठरली यात शंका नाही; मुंबई हायचा वायू वापरणारा अलिबागजवळचा थळचा प्रकल्प ऐंशीच्या दशकात याच वातावरणात सुरू झाला. पण खर्च कमी करण्याचे कारणच कारखान्याला उरले नाही. शिवाय १९८१ मध्ये टनाला २,३५० रुपये असलेला युरियाचा भाव मध्यंतरी थोडा उतरून १९९१ च्या जुलैपर्यंत पुन्हा तेवढाच होता, आणि या दहा वर्षांत खर्चातली सगळी वाढ तिजोरीने सोसली. १९८०-८१ मध्ये सुमारे ५०० कोटी असलेले खत अनुदान १९९०-९१ मध्ये ४,४०० कोटींच्या आसपास पोहोचले. त्यातले किती शेतकऱ्याचे आणि किती उद्योगाचे, यावर अर्थतज्ज्ञांचा वाद पुढे बरीच वर्षे चालला.

योजनेच्या रकान्यात याच काळात वेगळी शिस्त आली होती. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र चौथ्या योजनेपासून लागू झाले. राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय साहाय्यात ६० टक्के वजन लोकसंख्येला, आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या विशेष अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. सूत्रावर टीका झाली, बदलही झाले; पण कोणाला किती आणि का, हे विचारता येत होते. खत अनुदानाला असे सूत्र कधीच नव्हते. जिथे पाणी जास्त तिथे खताचा खप जास्त, आणि जिथे खप जास्त तिथे अनुदानाचा लाभ जास्त. पिकाखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम पाचवा हिस्सा ओलिताखाली असलेल्या महाराष्ट्रासारख्या राज्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नव्हता.

कोरडवाहू भागाची गरज निराळीच होती, आणि तिचे उत्तर दिल्लीआधी महाराष्ट्रात शोधले गेले. १९७२ च्या दुष्काळात कामाचा हक्क ही मागणी रेटली गेली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेवर आधारलेला रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये संमत होऊन १९७९ पासून अमलात आला. त्याच्या पैशाची सोय लक्षात घेण्यासारखी होती: शहरी नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर, आणि त्याला राज्याच्या तिजोरीतून जोड. केंद्राने असा कायदा करायला २००५ साल उजाडावे लागले.

१९९१ चे आर्थिक संकट दोन्ही रकान्यांवर आले. जुलैच्या अर्थसंकल्पात खतांचे भाव ४० टक्क्यांनी वाढवण्याचा प्रस्ताव आला. विरोध इतका झाला की वाढ ३० टक्क्यांवर आणून अल्प व अत्यल्प भूधारकांना तीतून वगळावे लागले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९२ मध्ये, स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली, युरिया मात्र नियंत्रणात राहिला आणि उलट १० टक्क्यांनी स्वस्त झाला. शेतकऱ्याने जे करायला हवे तेच केले, म्हणजे स्वस्त ते जास्त टाकले. नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण एका वर्षात ५.९ : २.४ : १ वरून ९.५ : ३.२ : १ वर गेले, म्हणजे तोल युरियातल्या नत्राकडे आणखी झुकला. दुसरीकडे, ग्रामीण पायाभूत कामांसाठी १९९५-९६ मध्ये नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या शिखर बँकेकडे २,००० कोटींचा निधी स्थापन झाला. शेतीकर्जाचे उद्दिष्ट न गाठणाऱ्या बँकांनी कमी पडलेली रक्कम त्यात भरायची होती. राज्यांना या निधीतून मिळे ते कर्ज, अनुदान नव्हे.

१ एप्रिल २०१० पासून पोषणद्रव्यावर आधारित अनुदान आले. त्यात किलोमागे नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधकाचे अनुदान ठरले, पण १९९२ प्रमाणेच युरिया पुन्हा बाहेर ठेवला गेला. १९९२ ची चूक समोर असताना ती दुसऱ्यांदा होणे हे अज्ञानाचे लक्षण मानता येत नाही; युरियाचा भाव वाढवण्याची राजकीय किंमत कोणत्याच सरकारला मोजायची नव्हती. युरियाचा मूळ भाव २०१२ पासून टनाला ५,३६० रुपयांवर थांबला आहे. २०१५ मध्ये निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले, २०१८ मध्ये गोणी ५० किलोंची ४५ किलोंची झाली, टनाचा भाव तोच राहिला.

२०१८ पासून देशभर लागू झालेल्या थेट लाभ हस्तांतरणात कृषी सेवा केंद्रातल्या विक्री नोंदवणाऱ्या पॉस यंत्रावर शेतकऱ्याचा अंगठा उमटतो, त्याच्या हातात सुमारे २६६ रुपयांच्या गोणीची पावती पडते, आणि अनुदान कंपनीकडे जाते. नाव थेट हस्तांतरणाचे असले तरी पैसा शेतकऱ्याच्या खात्यात येत नाही. हंगामात युरियाची टंचाई पडली की याच काउंटरवर दुसरे एखादे खत किंवा औषध घेतल्याशिवाय गोणी मिळत नाही. याला गावोगाव 'लिंकिंग' म्हणतात. शेतकऱ्याच्या खात्यात खरोखर पैसे जातात ते डिसेंबर २०१८ पासूनच्या वर्षाला ६,००० रुपयांच्या पीएम-किसानमधून, आणि त्यात खताचा किंवा ओलिताचा संबंध नाही.

नियोजन आयोग संपून १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला. सरकारी खर्चाच्या व्यवस्थापनावरील सी. रंगराजन समितीने २०११ मध्येच सुचवल्याप्रमाणे २०१७-१८ पासून योजना व योजनेतर हे रकानेही गेले. जागतिक भाव भडकले तेव्हा, २०२२-२३ मध्ये, खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या वर गेले. ते कोणत्या राज्यात किती उतरले हे तेव्हाही पूर्वीप्रमाणे खपावरच ठरले.