नायट्याचं कडं कोण काढतं?

खाज थांबली म्हणजे नायटा बरा झाला, हा समज जांघेतल्या नायट्याच्या बाबतीत फार महागात पडतो. जागाच अशी, की डॉक्टरला दाखवायची लाज वाटते. मग औषधाच्या दुकानात गर्दी ओसरलेली बघून हळूच ‘खाजेवर एखादं मलम द्या’ म्हणायचं. दोन-तीन दिवसांत खाज जाते, लाली उतरते. मलम थांबवलं की सगळं परत, आणि तेही आधीपेक्षा पसरलेलं. असं का होतं, हे कळायला नायट्याचं कडं कसं तयार होतं ते बघावं लागतं. मला विचाराल तर त्वचेच्या आजारांत याहून देखणी भानगड दुसरी नाही.

नायटा बुरशीमुळे होतो. डोक्यावर खपल्या धरणाऱ्या नायट्यात बुरशी असते, हे डेव्हिड ग्रुबी या डॉक्टरांनी पॅरिसमध्ये 1841 सालीच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं. तरी अजून ‘रक्त बिघडलंय’ म्हणत रक्तशुद्धीच्या बाटल्या खपतात. ही बुरशी सहसा रक्तापर्यंत जातच नाही. ती राहते त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरात, आणि खाते तिथलं केराटिन, म्हणजे त्वचा, केस, नखं ज्याची बनतात ते चिवट प्रथिन.

आता केराटिन खाणं सोपं नाही. त्याच्या साखळ्या गंधकाच्या जोडांनी, म्हणजे डायसल्फाइड बंधांनी, एकमेकींना इतक्या घट्ट बांधलेल्या असतात की पचवणाऱ्या विकरांना आत शिरायला फटच मिळत नाही. बुरशी आधी सल्फाइट हे गंधकाचं संयुग सोडते. त्याने ते बंध तुटतात, साखळ्या सैल होतात आणि मग प्रोटिएझ विकरं त्यांचे तुकडे पाडतात. गंमत म्हणजे हे सल्फाइट येतं कुठून? केराटिन पचवताना सिस्टीन हे अमिनो आम्ल भरमसाट मिळतं आणि जास्त झालं तर ते बुरशीलाच बाधतं. त्याचं सल्फाइट करून ती बाहेर फेकते. म्हणजे नको असलेला कचरा टाकायचा आणि त्याच कचऱ्याने पुढचा घास मऊ करून घ्यायचा!

बुरशीच्या या उद्योगाची खबर खालच्या जिवंत थराला लागते. प्रतिकारपेशी धावून येतात, तिथे सूज, लाली, खाज सुरू होते. त्वचेच्या पेशीही भराभर वाढतात आणि वरचा थर नेहमीपेक्षा लवकर गळून पडतो, बुरशीला घेऊन. जिथून सुरुवात झाली तिथे बुरशी कमी होत जाते, कडेची मात्र कोऱ्या त्वचेवर पुढे सरकते. माळावरचा वणवा असाच पसरतो: मध्ये विझलेला, कडेला धगधगता. म्हणून मधली त्वचा बरीचशी निवळलेली आणि कड लाल, उंच, कोंडा सुटलेली. तपासणीसाठी कोंडा खरवडतात तो या कडेचाच. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले धागे पेशींच्या सीमा ओलांडत गेलेले दिसतात.

थोडक्यात, बुरशीने कितीही खाल्लं तरी कडं उमटतं ते शरीराच्या प्रतिकारामुळे. खाजेच्या अनेक मलमांमध्ये स्टेरॉइड असतं, आणि ते नेमक्या या प्रतिकारपेशींनाच गप्प बसवतं. लाली गेली, खाज गेली, पण बुरशीला मोकळं रान मिळालं. काही दिवसांनी ना धड कडं, ना धड रंग असा चट्टा उरतो आणि डॉक्टरही चकतात. आइव्ह आणि मार्क्स या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी 1968 साली अशा रुग्णांचं वर्णन करून त्याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे ओळख लपवलेला नायटा, म्हटलं. शिवाय जांघेतली त्वचा पातळ, त्यामुळे असं मलम फार दिवस चोळलं तर तिथे कायमचे वळ उठू शकतात.

खरं औषध बुरशीच्या पेशीपटलावर घाव घालतं. आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल. टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमॅझोल या एर्गोस्टेरॉलची निर्मितीच अडवतात, म्हणून आपल्या पेशी वाचतात. मलम साधारण दोन ते चार आठवडे, कडेच्या बाहेर दोनेक सेंटिमीटरपर्यंत लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. पसरलेल्या किंवा जुनाट नायट्याला पोटातून गोळ्या लागतात.

जांघेतल्या प्रत्येक खाजेमागे ही बुरशी नसते. एरिथ्राझ्मा नावाचा जिवाणूंचा संसर्ग तिथेच होतो, आणि वूड्सच्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याखाली, तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. मलमाच्या नावावरून हा फरक कळत नाही, त्वचारोगतज्ज्ञाला मात्र बहुतेकदा कळतो. जांघ बघून झाल्यावर तो मोजेही काढायला सांगेल. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतली बुरशी अंतर्वस्त्र घालताना वर पोहोचते, त्यामुळे पायांवरही एकाच वेळी उपचार करतात आणि बरं होईपर्यंत अंतर्वस्त्राआधी मोजे घालायला सांगतात.