बांधावर ठरलेले रस्ते: पुण्याच्या वाढीची पार्श्वभूमी

पुण्याच्या पेठांमधल्या गल्ल्या अरुंद आहेत, पण एकीत शिरलं की दुसरीतून बाहेर पडता येतं. शहराच्या कडेला मात्र रस्ते रुंद होत गेले आणि जोड तुटत गेले.

हा फरक मोजता येतो. नकाशावरचे चौक, तिठे आणि बंद टोकं मोजायची, त्यांना जोडणारे रस्त्यांचे तुकडे मोजायचे, आणि तुकड्यांच्या संख्येला या सगळ्या ठिकाणांच्या संख्येने भागायचं. दहा बाय दहाच्या चौकटीत 100 चौक आणि 180 तुकडे, म्हणजे 1.8. झाडाच्या फांद्यांसारखी रचना असेल तर 100 ठिकाणांना फक्त 99 तुकडे. तिथे एक रस्ता खणला की मागची अख्खी वस्ती अडकते.

फांद्या आल्या शेतीतून. वाटण्या होत होत शेतं लांबट पट्ट्यांची झाली. एकेक सातबारा वेगळा विकला गेला, वेगळा एनए (बिगरशेती) झाला. पट्टीच्या मधोमध एक रस्ता, दोन्हीकडे प्लॉट, टोकाला शेजाऱ्याचा बांध. बांधाच्या जागी पुढे कंपाउंडची भिंत आली. पलीकडच्या सोसायटीनेही तेच केलं. बाहेर पडायला दोघींना एकच वाट: जुनी पाणंद किंवा गावरस्ता. बैलगाडीपुरत्या त्या वाटेवर आता शेकडो फ्लॅटच्या गाड्या येतात. गुंठेवारीत तर 33 बाय 33 फुटांचा गुंठा विकताना रस्त्याला जागा सोडणं म्हणजे विकणाऱ्याचा थेट तोटा.

यावरचा उपाय जुनाच आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यात टीपी स्कीमची तरतूद होती: सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी रस्ते आखायचे, मग प्रत्येकाला थोडा लहान पण चौकोनी ‘अंतिम भूखंड’ परत द्यायचा. महाराष्ट्राच्या 1966 च्या कायद्यातही ती राहिली, पण लवादाच्या फेऱ्यांत वर्षं जात. मग भिस्त विकास आराखड्यावर आणि भूसंपादनावर गेली. आराखडा मुख्य रस्ते दाखवतो. गल्ल्या कशा जुळतील ते ज्याच्या-त्याच्या लेआउटवर सोडतो. शिवाय रस्त्यासाठी राखलेली जागा 10 वर्षांत ताब्यात आली नाही, तर मालक 1966 च्या कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेऊ शकतो. मधला एक तुकडा असा अडला की त्याला ‘मिसिंग लिंक’ म्हणायचं!

गुजरातने 1999 च्या दुरुस्तीने टीपी स्कीमचा मसुदा मंजूर होताच रस्त्यांची जागा ताब्यात घेण्याची सोय केली. अहमदाबादचा 76 किलोमीटरचा रिंग रोड बराचसा अशाच स्कीममधून मिळालेल्या जागेवर झाला.

पुण्यात उलटा क्रम. 1997 मध्ये 38 गावं महापालिकेच्या हद्दीत घेण्याचा निर्णय झाला (काही नंतर वगळली), 2017 मध्ये 11, 2021 मध्ये 23. यातल्या बऱ्याच गावांत हद्दीत येण्याआधीच इमारती उभ्या होत्या. इमारत पन्नास वर्षांनी पाडून नवी बांधता येते. पण दोन सोसायट्यांमधून 9 मीटरची वाट काढायची तर दोन्हीकडची संमती, पार्किंगची भरपाई आणि ‘आमच्या गेटमधून परकी वाहतूक नको’ हा हट्ट, तिन्हींतून जावं लागतं.